आतोबांचा चौघांचा कॉम्प्युटर

कलकत्त्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा कोणी आणला असं विचारलंत, तर मी छातीठोकपणे सांगेन: माझ्या आतोबांनी, ट्रामच्या दुसऱ्या वर्गातून, पुठ्ठ्याच्या खोक्यात. ते खोकं हाच कॉम्प्युटर, हा तपशील मी सहसा मागाहून सांगतो. आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या गृहस्थांनी गार्डन रीचच्या एका कचेरीत काचेपलीकडून खरं यंत्र दहा मिनिटं पाहिलं, आणि त्यानंतर जगात दुसरं काही पाहिलंच नाही. आत्याच्या विणायच्या सुया त्या खोक्यात गेल्या. "तुमच्या यंत्राला थंडी वाजत नसेल, मला वाजते," ती अर्धा स्वेटर नाचवत म्हणायची.

गणित सोडवून उत्तराच्या जागी कार्डाला भोक पाडायचं आणि कार्ड खोक्यात सरकवायचं. उत्तर बरोबर असलं की सुई आरपार जाऊन आतली सायकलची घंटा वाजे. अट एकच: कार्डावर चौघांच्या सह्या हव्यात. एखादं हुशार पोर एकटंच आलं की आतोबा म्हणत, "यंत्राला एकट्याचं ऐकू येत नाही. जा, तिघांना पटवून ये." त्या तिघांत मी कायमचा. मला पटवता पटवता निम्मा वर्ग गणितात पंडित झाला!

खोक्यावर आत्याची चादर असे, त्यामुळे आत काय आहे ते बाकीच्या मास्तरांना ठाऊक नव्हतं. यंत्र नोकऱ्या खाणार म्हणून एके दुपारी त्यांनी आतोबांना घेराव घातला. कलकत्त्यात तेव्हा घेराव चहाइतका सहज मिळे. पुठ्ठ्याला घातलेला मात्र तो पहिलाच.

"मोशाय, हे शाळेबाहेर गेलं पाहिजे!" एक मास्तर गरजले.

आतोबांचा चेहरा उतरला. त्यांचा सगळा जीव त्या वर्गात होता. पण म्हणाले, "जाईल. माझ्या वर्गाच्या नियमानं चौघांनी एकमतानं लिहून द्या."

चौघे मास्तर बसले, चार वेगवेगळ्या संघटनांचे. 'यंत्र' लिहावं की 'भांडवलशाही यंत्र', यावरच दोन तास गेले. आतोबा मधूनमधून जाऊन सांगत, "ज्याला पटत नाही त्याला समजवा, दटावू नका." दिवेलागणीला सह्या झाल्या.

मी रडवेला झालो. "आतोबा, चादर काढून दाखवायची ना त्यांना! नुसता पुठ्ठा आहे म्हणावं."

"दाखवणार होतो रे," खोकं उचलत ते म्हणाले, "पण चौघं इतके छान बसले होते."

चौघाचौघांसाठी समोरासमोर लावलेली बाकं सोमवारी पुन्हा ओळीत लागली. आतोबा फळ्यावर गणित लिहीत, आम्ही एकेकटे वहीत डोकं घालत असू. लिहिता लिहिता ते मध्येच थांबायचे, खडू तसाच धरून. वर्गात गलका का होत नाही, हे क्षणभर त्यांच्या लक्षात येत नसावं.