पडायच्या जागी पेटी बंद

शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन मूक विनोदी चित्रपटांत माणसं बर्फावर पडतात, त्याहून फारसं काही होत नाही. शहरातला कुणी ढेरपोट्या साहेब पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधतो, आपण जन्मजात डोंगरी असल्याचा आव आणतो, आणि मग डोंगर त्याला त्याची जागा दाखवत राहतो. मला हा प्रकार फार आवडतो. नोकरीतली तीस वर्षं मी असेच साहेब पाहिले; फक्त तिथे उतार नव्हता.

गडचिरोलीतल्या आमच्या चित्रपट मंडळाचे सभासद नऊ. बर्फ आम्हाला माहीत तो मासळीबाजारातला, भुसा लागलेला. तरी असा एक चित्रपट दाखवायचं ठरलं, तेव्हा पडद्याशेजारी बसून पेटीची साथ करायला मी सावली गावच्या एका पेटीमास्तरांना गाठलं. झाडीपट्टीच्या नाटकांना त्यांनी चाळीस वर्षं साथ केली होती. टाळी मिळाली की नट तेच पद पुन्हा घेणार, आणि मास्तरांची पेटी त्याच्या मागे. इथे पहिल्यांदाच त्यांची एकट्याची पेटी ऐकू येणार होती. महिनाभर दर रविवारी ते एसटीने आले आणि माझ्या लॅपटॉपसमोर बसून त्यांनी साहेबाचं एकेक पडणं पाठ केलं.

"सर, आखरीले थो मोठी उडी मारते ना, तवा मी हात उचलून घेईन," ते म्हणाले. "लोकं हसतीन तोवर पेटी बंद. नाटकात मले कोनी असं करू देल्लं नाई."

"आणि नाही हसले तर?"

"मंग माहं चुकलं. पेटी घेऊन घरी जाईन."

कॉलेजचा हॉल तीन ते पाच मिळाला. पाचला तिथे पोलीस भरतीचा क्लास. चित्रपट पन्नास मिनिटांचा. वेळ भरपूर आहे, असं मला वाटलं. हे वाटणं माझ्या वयाला शोभलं नाही.

मुख्य अतिथी पावणेचारला आले. मग शाल-श्रीफळ. सत्कारातून सुटलेला माणूस आपल्याकडे वर्षभर बोलत नाही, म्हणून खुर्च्या देणारे, पडदा देणारे, पडदा बांधायला शिडी देणारे, सगळे मंचावर येऊन गेले. अतिथी बर्फावर बोलले. ते मनालीला जाऊन आले होते आणि सहलीतला एकही दिवस त्यांनी गाळला नाही. भाषण संपताच ते दुसऱ्या कार्यक्रमाला निघाले. त्यांच्यामागे पहिली रांगही उठली. चार पंचवीस झाले होते.

प्रोजेक्टरवाला कानाशी आला. "सर, पळवून टाकतो. आवाजच नाई त्यात, कोनाले समजते?"

मला त्याच्यावर हसता येईना. मूकपटांच्या काळात थिएटरमालकही जास्तीचा एक खेळ बसवायला हेच करत, असं मी वाचलं होतं. पण मास्तरांचा महिना? मी त्यांच्याकडे पाहिलं. सत्कारात त्यांनाही मिळालेली शाल त्यांनी काढून पेटीखाली घातली.

"भाऊ, तू इथी माह्याजवळ बस," ते प्रोजेक्टरवाल्याला म्हणाले. "मी मान हालवली का पळव, पुन्हा हालवली का सोड. हॉटेलातलं जेवन पळव, पिरेम पळव. पडाचं पळवाचं नाई."

प्रेम झपाट्याने आटोपलं. साहेबाने पाच ताटं मिनिटभरात संपवली, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "लय उपाशी हाय वो बुवा!" पडणं मात्र प्रत्येक वेळी आपल्या चालीने झालं, आणि पेटी बरोबर त्याच्यासोबत उतरली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना भरतीवाले वह्या घेऊन दारात आले. साहेब उंच उतारावरून सुटला. मास्तरांनी हात उचलले. साहेब डोक्याकडून बर्फात रुतला. वर उरल्या दोन पट्ट्या.

हॉल गप्प. मास्तरांचे हात हवेत. मी खाली पाहू लागलो.

"माय वो! गेला का थो?" मागची बाई ओरडली, आणि सगळा हॉल हसत सुटला. दारातले भरतीवालेसुद्धा.

"मास्तर, समोर जाऊ?" प्रोजेक्टरवाल्याने विचारलं.

"थांबव."

चित्र थांबलं. लोक थांबलेल्या पट्ट्यांना हसत राहिले. क्लासच्या सरांनी दारातून घड्याळावर बोट ठेवलं. मास्तरांनी हात खाली न आणता त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसत्या मानेने सांगितलं, हसणं होऊ द्या.