मुख्यालयी राहतात

मी कंत्राटी नर्स आहे. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावाच्या आरोग्य उपकेंद्रात सात वर्षं काम करते आणि दर अकरा महिन्यांनी माझी नेमणूक नव्याने होते. आमच्या बोलण्यात ‘कायम’ या शब्दाला एकच अर्थ. कोण कायम झालं, कोणाची फाईल अडकली, यापलीकडे आम्हा नर्सांच्या गप्पा फारशा जात नाहीत. मोर्चे काढून झाले, उन्हात धरणं धरून झालं, पण कायम काही कोणी केलं नाही. म्हणून एका मैत्रिणीने कॅनडातल्या छोट्या गावांच्या योजनेबद्दल सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि आठवडाभराने अर्ज भरला.

त्या गावांना माणसं कमी पडतात. तिथल्या कोणीतरी नोकरी द्यायची, गावच्या समितीने शिफारस करायची आणि मग सरकार कायम रहिवासी करून घेणार, अशी ती योजना. मला एका वृद्धाश्रमाकडून नोकरीचं पत्र आलं. समितीची मुलाखत नगरच्या आमच्या घरी, लॅपटॉपवर झाली. आमच्याकडे संध्याकाळ होती, त्यांच्याकडे सकाळ. नवरा आणि मुलगी आतल्या खोलीत श्वास रोखून बसले होते.

समितीतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी फार काही विचारलं नाही. त्यांच्याकडे आलेल्या दोन नर्स वर्षभरातच मोठ्या शहरात निघून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आम्हाला नुसती कामाला येणारी नको, राहणारी हवी. तुम्ही राहाल?” मी ताबडतोब हो म्हणाले. लहान गावात राहायची मला सवयच आहे, असंही ठोकून दिलं. मग त्या म्हणाल्या, तुमच्या आत्ताच्या गावाकडून तसं पत्र पाठवा, त्यावर आम्ही शिफारशीचं ठरवू. तिथे मी अडकले.

कारण मी त्या गावात एक रात्रही राहिलेली नाही. उपकेंद्राच्या मागे नर्ससाठी दोन खोल्या आहेत. नियमाने मी तिथे, म्हणजे सरकारी भाषेत ‘मुख्यालयी’, राहायला हवं. पण मुलीची शाळा नगरला, नवऱ्याची नोकरी नगरला आणि खोल्यांना पाणी नाही. मी सकाळच्या एसटीने जायचे आणि चारच्या गाडीने परतायचे. ग्रामपंचायत मात्र दरवर्षी न चुकता दाखला द्यायची, ‘सदर कर्मचारी मुख्यालयी राहतात.’ मास्तरांना, तलाठ्यांना, सगळ्यांनाच तो मिळायचा. त्यात कोणाला काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारपर्यंत.

त्या रविवारी भरदुपारी सरपंचबाईंच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप होतं. मी नगरला मुलीच्या वाढदिवसाच्या पुऱ्या तळत होते. सून तालुक्याच्या रस्त्यावर टेम्पोतच बाळंत झाली. नशिबाने आई आणि बाळ दोघंही वाचली. सोमवारी मी गेले तेव्हा सरपंचबाई उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्या होत्या. वर कुठे तक्रार केली नाही त्यांनी. त्या वर्षीच्या दाखल्यावरही त्यांनी सही केली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

आता पत्रही त्यांच्याकडूनच घ्यायचं होतं. गावातल्या आशाताईला मी फोनवर अर्धवटच सांगितलं, “कायमचे कागद चाललेत, सरपंचबाईंचं पत्र लागेल.” दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले तर चार बायका नारळ आणि ब्लाऊजपीस घेऊन फाट्यावर उभ्या. “सिस्टर कायम झाल्या!” तिथेच रस्त्याच्या कडेला त्यांनी माझी ओटी भरली. मी पदर पसरून उभी राहिले. खरं काय ते सांगितलं नाही.

थोड्या वेळाने सरपंचबाई उपकेंद्रात आल्या. साठीच्या आहेत, सातवी शिकलेल्या. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, “लई बरं झालं. मागच्या खोल्यान्ला मी नळ टाकून देते. आता तरी ऱ्हाल न्हवं इथं?”

पत्र मी घरूनच मराठीत टाईप करून आणलं होतं, इंग्रजी भाषांतर नंतर जोडणार होते. ‘सिस्टर सात वर्षे आमच्या गावात राहिल्या व गावाशी एकरूप झाल्या.’ ते नुसतं पुढे सरकवलं असतं तर सही झाली असती. तो मोह मला झाला, नाही कशाला म्हणू? पण त्या नळाचं ऐकल्यावर हात पुढे होईना.

“मावशी, मी इथे कायम नाही झाले. मी कॅनडाला जायचं बघतेय. तिथली कायम.”

“मंग पत्र कशाला?”

“मी इथे राहत होते, असं तिथल्या गावाला कळवायचंय.”

“तुमी ऱ्हात हुत्या?”

रागाने विचारलं नाही त्यांनी. रागाने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. “नाही, मावशी,” मी म्हणाले. “त्या रविवारी मी इथे असते तर...” त्यांनी हातानेच मला थांबवलं.

मग पत्र मागून घेतलं, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. ‘राहिल्या’ या शब्दावर बोट थांबलं. त्यांनी पेन उघडलं. आता खोडणार, मला वाटलं. खोडलं की शिफारस गेली, कायम रहिवास गेला, तिकडे नेईन म्हणून मुलीला दिलेला शब्द गेला. आणि खोडायचा त्यांना पुरेपूर हक्क होता.

त्यांनी खाली सही केली. पिशवीतून शिक्का काढून त्यावर फुंकर मारली आणि नीट दाबून उठवला.

“सरपंच झाल्यापास्नं चार दाखल्यांवर केलीच की सही,” त्या म्हणाल्या. “त्यात आजून एक.”

कागद माझ्यापुढे धरला. मी घेतला, तरी त्यांनी त्यांच्याकडचं टोक सोडलं नाही. सात वर्षं मला ‘तुमी’ म्हणणाऱ्या त्या बाई पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या.

“तिथं तरी ऱ्हा, पोरी.”

हो म्हणायला मला या वेळी फार वेळ लागला.