दार लाव, धुकं येतंय

लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान आहे आणि अब्बांचं धुक्याशी पहिल्यापासून वाकडं. दार जरा उघडं राहिलं की ते आत शिरतं, बरण्यांभोवती घुटमळतं आणि माल सादळतो. ‘दार लाव, धुकं येतंय,’ हे मी स्वतःचं नाव सांगायच्या आधी शिकले असेन. मला मात्र ते आलेलं आवडायचं. समोरचा रस्ता नाहीसा व्हायचा, गिऱ्हाईक कुठूनतरी हळूच उमटायचं.

मोठी होऊन मी त्याच धुक्याच्या मागे लागले. पाऊस थांबला तरी आमच्याकडची झाडं ठिबकत राहतात. ती धुक्यातून किती पाणी ओढून घेतात, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी एका संस्थेकडे अनुदानाचा प्रस्ताव पाठवायचा होता. मिळालं तर तीन वर्षं घरी राहता येणार होतं. नाहीतर दूरच्या शहरातली नोकरी तयार होती, आणि अम्मी गेल्यापासून अब्बा एकटेच होते. ते एका शब्दाने मला थांब म्हणत नव्हते, याचा फार राग यायचा.

गल्ल्याशेजारी बसून मी लिहायचे. पहिलं पान हवामानबदल, जलसुरक्षा असल्या जडजड शब्दांनी भरलं. अब्बांनी वाचून दाखवायला सांगितलं आणि ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर म्हणाले, ज्याच्यापायी माझा माल वाया जातो त्याच्यासाठी पैसे मागतेस, निदान मागणं तरी नीट माग. मग चिक्कीचा तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवला, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या ठेवतात तसा.

“आधी चव द्यायची. भाव नंतर.”

तुकडा तोंडात विरघळेपर्यंत मी काचेबाहेर बघत बसले. मग ते पान खोडलं आणि सुरुवातीला एवढंच लिहिलं: पाऊस थांबलाय, रस्ता सुकलाय, आणि जांभळाखाली उभं राहिलं तर डोकं भिजतं. बाकी सगळं, तक्ते आणि खर्चसुद्धा, त्याच्या मागून आलं.

मंजुरीचा मेल आला त्या सकाळी बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी अब्बांना सांगितलं. त्यांनी बरण्यांची झाकणं घट्ट केली, गल्ल्यामागून उठले आणि दुकानाचं दार सताड उघडलं. मी सवयीने लावायला गेले.

“राहू दे,” ते म्हणाले. “येऊ दे आत.”