गुलाबाची चौकशी

सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली, म्हणून तिचं नाव पडलं चौकशीताई. निवृत्त झाल्यावर आजवर दिलेल्या उत्तरांची भरपाई ती प्रश्न विचारून करू लागली. धाकट्या बहिणीने तिला सेंद्रिय द्राक्षमळ्यातली वाइनरी बघायला नेलं, तर तिथे वाइन चाखवणाऱ्या मुलीच्या तिने नाकीनऊ आणले. पिंप लाकडाचंच का? चाखून घोट थुंकायचाच, तर घ्यायचा कशाला?

जेवणाचं टेबल मळ्यातच मांडलं होतं. वेलींच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुलाब होता.

"हा शोभेला का गं?" ताईने बाटल्या घेऊन आलेल्या त्याच मुलीला विचारलं.

"नाही मावशी. रोग पडला की आधी गुलाबावर दिसतो. मग आम्ही वेलींची काळजी घेतो."

"आणि गुलाबाची?"

धाकटीचा घास हातातच राहिला. वडील गेले तेव्हा कॉलेज सोडून त्या खिडकीत थोरलीच बसली होती, आणि तिला काय हवंय हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तुला काय हवंय?"

ताईने बहिणीकडे नीट निरखून पाहिलं. मग पेला पुढे सरकवला.

"ती लाल वाइन. आणि आता मी थुंकणार नाही."