म्हाताऱ्याची मोटर

तंजावुरात समुद्र नाही, तरी पंपदुरुस्तीच्या त्या दुकानाच्या पाटीवर भलंमोठं जहाज रंगवलेलं होतं. मी माझा पंप घेऊन बसलो होतो, तेवढ्यात मल्लिपट्टिणमचा एक म्हातारा कोळी बोटीची मोटर रिक्षातून घेऊन आला. बोलताना तो लुंगीच्या टोकानं ती सारखी पुसत होता.

“हॉर्सपॉवर वाढवून दे, तंबी.”

“मोठा कार्बुरेटर बसवतो, अण्णे. पण पेट्रोल जास्त खाईल. वेग वाढेल, पल्ला घटेल. मासे फार लांब गेलेत का?” मेकॅनिकनं विचारलं.

“मासे नाही. मुलगा. पोंगल झाल्यावर समुद्रावर गेला. बाकीच्या बोटी शोधून परतल्या. माझी हळू जाते, म्हणून सापडत नाही.”

दुकानासमोर आंब्यांची हातगाडी उभी होती; पोंगल तर जानेवारीतच होऊन गेला होता. मेकॅनिकनं माझा पंप बाजूला सारला आणि मोटरचं झाकण उघडलं. पल्ल्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.