हिरव्या बांगड्या संपल्याचा निरोप

ती घटना अजून आठवते, आणि आठवली की राग आधी स्वतःचाच येतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणून लोक मागे लागतात तेव्हा ही केस मी टाळत आलो. आज लिहून टाकतो. नाव कुणाचंच देणार नाही.

रायपूरच्या एका ठाण्यात मी टीआय, म्हणजे ठाणेदार होतो. गुढियारीकडच्या काही वस्त्या आमच्या हद्दीत यायच्या. सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी बजावायच्या राहिलेल्या वॉरंटांवरून मुन्शीला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, झापत होतो, तेवढ्यात एक मितानिन आत आली. मितानिन म्हणजे आमच्याकडची वस्तीतली आरोग्यसेविका. ही आपलीच, विदर्भाकडच्या मराठी घरातली.

“साहेब, आमच्या पाऱ्यात पोटं गायब होऊन राहिली,” ती म्हणाली. पारा म्हणजे वस्ती.

“पोटं गायब? नीट सांगा बाई.”

“चौथ्या महिन्यात मी नाव लिहिते, सुई टोचवते. पाचवा सरला की घरचे म्हणतात, पडलं. अशा तीन झाल्या. तिघींच्याही घरी दोन-दोन पोरी.”

“पडलं तर पोलीस काय करणार?”

“तुमी आयकून तर घ्या! तिन्ही घरी आधी ती बांगडीवाली येऊन गेली होती.”

आता हे आमच्या लोकांनाच कळेल. पाचव्या महिन्यात आमच्याकडे सुनेची चोरचोळी होते. गाजावाजा न करता चोळी देतात, ओटी भरतात आणि हिरव्या बांगड्या भरतात. वस्तीत बांगड्या भरणारी एकच बाई होती, पन्नाशीची विधवा, सगळ्यांची मावशी. मितानिनीने एक गोष्ट हेरली होती. ज्या घरी ही मावशी हिरव्या बांगड्या भरायची, तिथे बाळंतपण व्हायचं. ज्या घरी ‘हिरव्या संपल्या, पुढच्या खेपेला आणते’ म्हणून उठायची, तिथे आठ दिवसांत पोट रिकामं.

“आता चौथीची पाळी आहे, तिलेही दोन पोरीच,” मितानिन म्हणाली. “सासूनं मागच्या हप्त्यात तिले गाडीत बसवून कुठंतरी नेलं, पोटावर मशीन फिरवली. कोणी एक शब्द बोललं नाही. काल मावशी आली अन् म्हणाली, हिरव्या संपल्या. पोट्टी रडून राहिली साहेब. तिले लेकरू पाहिजे हो! गुरुवारी अभनपूरकडे नेतो म्हणते सासू.”

मी खुर्चीतून उठलोच. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा, हे आता शेंबडं पोरही जाणतं. म्हणून कुणी तोंडाने सांगतच नव्हतं. निरोप बांगड्यांतून जात होता.

इथे माझी चूक झाली. लिंग तपासणीची तक्रार कोर्टात नेण्याचा अधिकार आरोग्य खात्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचा असतो, पोलीस मदतीला. मी पत्र पाठवलं. ठरलं असं की बुधवारी एक गरोदर बाई मावशीकडे गिऱ्हाईक म्हणून पाठवायची आणि मशीन, माणूस, सगळं रंगेहाथ धरायचं. मोठी केस होणार होती, वरून शाबासकी मिळणार होती. मितानिनीला मी बजावलं, “बुधवारपर्यंत कुठे बोलू नका.”

“अन् ते पोट्टी?”

“गुरुवारला वेळ आहे,” मी म्हणालो.

खरं तर बाईच्या मर्जीविरुद्ध पोट पाडणं हा सरळ आमचा गुन्हा. त्याला कुणाच्या पत्राची गरज नव्हती. सोमवारीच महिला शिपाई घेऊन त्या दारात उभा राहिलो असतो, सासूला सज्जड दम भरला असता, तरी पुरे होतं. पण मग मावशी सावध झाली असती. मला मशीन हवी होती.

त्यांनी तिला मंगळवारीच नेलं.

बुधवारी सकाळी सरकारी दवाखान्यातून फोन आला. अतोनात रक्तस्राव, पाच महिन्यांचा गर्भपात, बाई शुद्धीवर नाही. फोन ठेवला आणि मी मुन्शीसमोर स्वतःला शिवी दिली. ती वाचली, एवढंच देवाचं देणं. गर्भ अभनपूरच्या वाटेवरच्या एका खोलीमागे पुरलेला सापडला. देह मातीने माखलेला; मुलगीच असणार असं धरून पंचनामा केला, शवविच्छेदनाला पाठवला, सासूला आणि नवऱ्याला ताब्यात घेतलं.

मावशीला ठाण्यात आणलं. दोन तास एकच घोषा, हिरव्या खरंच संपल्या होत्या. आमच्या खात्यात आवाज चढवणारे पुष्कळ. माझा अनुभव असा की लबाड माणूस ओरडण्याला भीत नाही, त्याच्याच सामानाला भितो. मी महिला हवालदाराला म्हटलं, मावशीची टोपली उघडा. वर लाल, पिवळ्या. खाली कापडात गुंडाळलेल्या हिरव्या, लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या.

“मावशी, संपल्या होत्या ना?”

तिने पदर तोंडाला लावला. “मी फक्त निरोप देतो साहेब. पोटात काय आहे, मले काय मालूम? तो सांगते, मी सांगतो.”

‘तो’ संध्याकाळपर्यंत मशीनसकट हाती लागला. कधीकाळी एका सोनोग्राफी केंद्रात मदतनीस होता, तिथून काढलेला. डॉक्टर कसला, दहावी नापास. मी विचारलं, मुलगी आहे हे ओळखायचास कसं?

तो म्हणाला, “साहब, हमको दिखता ही नहीं था।”

“क्या नहीं दिखता था?”

“कुछ भी। जिसकी दो लड़की है, उसको लड़की बोल देते थे।”

मुलगा सांगितला तर काम तिथेच संपायचं. मुलगी सांगितली की पुढचं कामही त्याच्याच खोलीत यायचं. पहिलटकरणीला मात्र मुलगाच सांगायचा; निम्म्या वेळा ते खरं ठरायचं आणि त्याचं नाव व्हायचं. चाळीस वर्षं गुन्हेगार पाहिलेला आमचा बुढ्ढा मुन्शी, त्यानेही लेखणी खाली ठेवली.

शुक्रवारी शवविच्छेदनाचा अहवाल आला. पुरुष गर्भ.

सासूला सांगितलं. तीन दिवस ठाण्यात बसून तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, चहा मागून पीत होती. आता तिने छाती पिटायला सुरुवात केली. “माझा नातू गेला वं माय!” तो आक्रोश रस्त्यापर्यंत गेला. माझं डोकं फिरलं. “आता काहून रडता? मंगळवारी कुठं गेलं होतं हे रडणं?” मी ओरडलो. महिला हवालदाराने तिला बाजूला नेलं.

दुपारी सुनेचं बयान घ्यायला दवाखान्यात गेलो. पांढरी फटक पडली होती. मितानिन उशाशी बसून होती. बातमी आमच्या आधी पोचली होती.

“साहेब, सासू रडून राहिली म्हणते. खरं काय?” सुनेने विचारलं.

“हो.”

“तीन दिवस तर ते पोरगीच होती न सर्वांसाठी,” ती म्हणाली. “मंग तिच्यासाठी कोणी काहून नाही रडलं?”

मितानिनीने मान खाली घातली. सकाळी अहवालात ‘पुरुष’ हा शब्द वाचला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने ‘अरेरे’ निघून गेलं होतं. मुन्शीने ऐकलं होतं. बुधवारी त्याच इवल्याशा देहाच्या पंचनाम्यावर मी सही केली, तेव्हा ते निघालं नव्हतं. माझ्या चुकीचा सल मनात होता, मशीन हातातून जाईल ही धास्ती होती. ‘अरेरे’ मात्र मुलासाठी राखून ठेवलेलं होतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मला स्वतःला दोन मुली आहेत.

आरोपींना शिक्षा झाल्या, कमी-जास्त. वरून शाबासकीही आली. लोकांना ओळखायला मी नोकरीत शिकलो असं सगळे म्हणतात. त्या खाटेपाशी कळलं की सासूला मी ओळखलं होतं, स्वतःला नाही.

बयान लिहून झाल्यावर शिपायाने विचारलं, “साहेब, बाईचा तो शेवटचा प्रश्न लिहू?”

मी म्हणालो, बयानात प्रश्न लिहीत नाहीत. तो लिहायला हवा होता. पण सही माझी होती आणि माझी हिंमत झाली नाही.