ऐंशीचा काटा

गॅरेजमध्ये नुसतं बसलं तरी किस्से साठत जातात. डबड्यातल्या नटबोल्टांसारखे, कोणता कोणत्या गाडीचा, हे पुढं आठवतही नाही. मी मात्र गंगाखेडला हबीब उस्तादाच्या गॅरेजात शाळेत शिकवून झाल्यावर रोज बसायचो ते पहाऱ्याला! धाकट्या भावानं, सुधाकरनं, तेव्हा नवीनच निघालेली बिनगिअरची स्कूटर घेतली होती आणि तिचा वेगाचा काटा ऐंशीवर न्यायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. तो रोज कामाला परभणीला जायचा; परत येईपर्यंत आई घास तोंडात घालायची नाही. "उस्तादाला त्या गाडीचं इंजिन खोलू देऊ नको," असं तिनं मला बजावलं होतं, आणि उस्तादानंही मला तसा शब्द दिला होता.

*

कारखान्यातले एक क्लार्क तसल्याच नव्या स्कूटरची तक्रार घेऊन आले. "उस्ताद, हिच्यात दमच न्हाई. जरा स्पीड घेतला की आपोआप थांबायलीय!"

उस्ताद मागं बसून पुलापर्यंत जाऊन आला. क्लार्कसाहेबांनी पंधरा वर्षं गिअरची स्कूटर चालवलेली. वेग आला की सवयीनं डावा हात क्लच दाबायचा. या गाडीला तिथं ब्रेक!

उस्ताद उतरून म्हणाला, "साहेब, गाडी ठीक हाय. तुमच्या डाव्या हाताचं ट्यूनिंग करावं लागंल!"

*

या गाड्यांत गिअरऐवजी पट्टा असतो आणि तो वरखाली सरकवायला आत छोटे रोलर. हलके रोलर टाकले की गाडी जागेवरून झपकन उठते, पण पुढचा वेग कमी पडतो. एका कंपाउंडरनं हट्टानं हलके टाकून घेतले आणि आठवड्यानं परत आला.

"उठती लय झकास, पण पन्नासच्या पुढं पळंना!"

"तुमी सकाळी किती वाजता उठता?"

"पाचला."

"आन् दवाखान्यात कधी पोचता?"

दवाखाना अकराला उघडायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं!

*

एकदा मी नसताना सुधाकरनं घरीच कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट बदलला. अंगणात गाडी स्टँडवर घेऊन फुल रेस दिली. मागचं चाक गरगर फिरतंय, शेजारीपाजारी गोळा झालेत, काटा मात्र शून्यावर! तसाच पळत उस्तादाकडे.

"मीटरची वायर कोणत्या चाकात हाय?"

"पुढच्या."

"पुढचं चाक फिरलं का?"

"न्हाई."

"मग काटा खरंच बोलायलाय. तू गेलाच कुठं व्हतास?"

आईला मात्र तो प्रकार फार आवडला. म्हणाली, "अशीच चालवत जा की रोज!"

*

शेवटी एक दिवस उस्तादानं सुधाकरला वेग वाढवून द्यायला हो म्हटलं. मी हादरलोच. संध्याकाळी गाडी फाडफाड आवाज करत, अख्ख्या गल्लीला सांगत घरी आली. आई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उस्तादावर तडकलो. "तुमी शब्द दिला व्हता!"

"मास्तर, बसा. मी न्हाई म्हणलो असतो, तर त्यो परभणीच्या गॅरेजात जाऊन खरंच इंजिन खोलून आला असता." मग हळूच म्हणाला, "इंजिनाला हात लावला न्हाई. सायलेन्सरची जाळी काढली, आवाज वाढला. मीटरची स्प्रिंग ढिली केली, काटा वाढला. पोरगं पन्नासनं जायलंय आन् ऐंशी बघायलंय. तुमच्या अम्मीला सांगा, बेफिकीर जेवा."

मी घरी जाऊन आईच्या कानात सांगितलं. ती आधी हसली, मग डोळ्याला पदर लावला आणि दोन भाकरी जेवली. मलाही कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

*

महिनाभरानं सुधाकर तणतणत गॅरेजात आला. मी पेपरमागं तोंड लपवलं. याला कळलं, तर उद्याच परभणीचं गॅरेज गाठणार!

"उस्ताद, परभणीच्या वाटेला दैठण्याच्या पुढं काटा बराबर ऐंशीवर, आन् एसटी मला मागं टाकून गेली! खिडकीतली माणसं हात दाखवायली व्हती!"

उस्तादानं सावकाश फडक्याला हात पुसले.

"दहाची व्हती का?"

"हां, दहाचीच!"

"मग बराबर हाय. तिच्या ड्रायव्हरनं परवाच आपल्याकडून ट्यूनिंग करून घेतलंय."

"तरीच!" सुधाकर म्हणाला.